वजा दहा

पत्र आलं तेव्हा तिच्या तोंडात सात टाचण्या होत्या, म्हणून ती काहीच बोलली नाही. एरवी बोलली असती. बँकेचं पाकीट दिसलं की तिच्या तोंडून आपोआप "ठेवा तिकडे" निघायचं, आणि तिकडे म्हणजे शिलाईच्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण. त्या खणात एकोणीस वर्षांची न उघडलेली पाकिटं एकमेकांना टेकून बसली होती. पण आज नवऱ्यानं पाकीट थेट टेबलावर, कापायला पसरलेल्या कापडावर ठेवलं आणि सायकलचं चाक घेऊन तो बाहेर गेला. तिच्या हातात कात्री होतीच, आणि पुढ्यात येईल ते कापायचं ही तिच्या हाताची जुनी खोड. आतले दोन कागद बाहेर आले तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की आपण बँकेचं पत्र उघडून बसलोय.

"आपल्या सोयीसाठी," अशी पहिलीच ओळ होती. बँक सोयीचं बोलायला लागली की आपण आपला खिसा चाचपून बघावा, एवढं तिला या वयात कळत होतं. खात्यात पैसे नसले तरी दहा हजारांपर्यंत उचलायची मुभा तिला होती, ती तशीच राहणार होती. बँक त्या मुभेला ओव्हरड्राफ्ट म्हणायची, ती नुसतं 'उणं' म्हणायची. आजवर उण्यात राहायचे महिन्याला दीडशे पडत, मग त्यात एक दिवस राहा नाहीतर तीसही दिवस राहा. ते आता बंद. दोन महिन्यांनी, एक तारखेपासून, खातं शून्याखाली असेल त्या प्रत्येक दिवसाला चाळीस. तिनं एकेक टाचणी तोंडातून काढून उशीत खोचली आणि गुणाकार केला. दीडशेचे बाराशे. तशी ती बाराशेला भिणारी बाई नव्हती. तिला लागलं ते 'प्रत्येक दिवसाला' हे. महिन्याचं भाडं माणूस एकदा भरतो आणि विसरतो. आता मात्र झोपली तरी चाळीस, जागी राहिली तरी चाळीस, रविवारी पाय वर करून पडली तरी चाळीस. तिनं टेबलाची कड धरली. खोलीत काही हललं नव्हतं, पंखा तसाच फिरत होता.

शून्याखाली राहणं कसं असतं हे वर राहणाऱ्यांना सांगून कळत नाही. तिला ते तळघरातल्या खोलीसारखं वाटायचं. छत जरा खाली असतं, पण वाकून चालायची सवय होते, आणि सवय झाली की ते वाकणं आपलंच वाटायला लागतं. नवऱ्याचा बसड्रायव्हरचा पगार यायचा, पाणी थोडं वर चढायचं, मग वीज, भाडं, अस्तराचं कापड, त्याच्या जुन्या सायकली जुळवायच्या छंदाचे सुटे भाग, आणि पंधरवड्यात पाणी पुन्हा आपल्या जागी. खातं दोघांचं होतं पण हिशेब तिच्याकडे. "खात्याचं तू बघ," असं त्यानं लग्नाच्या वर्षीच सांगून टाकलं होतं, आणि तीही बघत होती, म्हणजे अंदाजानं. कापडाच्या बाबतीत तिची नजर केसाएवढा फरक पकडायची. पैशाच्या बाबतीत मात्र तिचं सगळं चवीवर चालायचं, थोडं कमी, थोडं जास्त, जमलं. कधीतरी बँकेच्या मशीनमधून चिठ्ठी काढायची, आकडा बघायचा, त्यातून दहा हजार वजा करायचे की आपण खरे कुठे आहोत ते कळायचं. चिठ्ठीवर बँक तिची मुभा धरूनच आकडा दाखवायची ना. गेल्या चिठ्ठीवर साडेअकराशे छापून आले होते, म्हणजे आठ हजार आठशे पन्नास खाली.

हे वजा करणं तिला जड गेलं नाही, कारण ते तिच्या अंगातच होतं. तिचा टेप दहापासून सुरू व्हायचा. टेप आईचा. ती सहा वर्षांची असताना तिनं बाहुलीच्या कमरेला पट्टा हवा म्हणून आईच्या शिवणाच्या टेपची सुरुवातीची दहा सेंटिमीटरं कापली, आणि पट्टा इतका छान बसला की तो दाखवायला ती आईकडेच धावत गेली. आईनं बाहुली हातात घेऊन पट्टा निरखला. मारलं नाही, नवा टेपही आणला नाही. "आता दहापासून मोजायचं आणि शेवटी दहा वजा करायचे," ती म्हणाली. "तुझी अक्कल वाढेल आणि माझे पैसे वाचतील." आईला पैसे वाचवण्यात एक प्रकारचं सुख होतं. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे ती उठताबसता म्हणायची, भाजी घेताना, चपला घेताना, एकदा तर शेजारणीला जुळं झालं तेव्हासुद्धा. लहानपणी हिनं एकदा विचारलं होतं, "आणि पाय लांब असले तर?" आई म्हणाली, "तर दुमडून झोपायचं." आई गेली आणि टेप हिच्याकडे आला. पडदे शिवण्याच्या धंद्याला तीस वर्षं झाली, हजारो खिडक्या मोजून झाल्या, आणि वजा दहा हे तिच्या डोक्यात श्वासासारखं चालू राहिलं.

पत्र हातात असतानाच फोन वाजला. इस्पितळाच्या कोठीवरचे कारकून होते. दोन वॉर्डांत खाटांच्या मधले पडदे बदलायचे होते, बेचाळीस, आणि नेहमीचा माणूस आजारी पडला होता. "दोन महिन्यांत होतील का ताई?" दोन महिने, म्हणजे अगदी पत्रातलेच दोन महिने. तिला हसू आलं. "मापं सांगा," ती म्हणाली. कागद शोधायला वेळ नव्हता. पत्राचं दुसरं पान मागून कोरं होतं, त्यावरच तिनं खडूच्या पेन्सिलीनं मापं उतरवली, वॉर्ड पहिला, वॉर्ड दुसरा, कड्या किती, दुमड किती, आणि ते पान मशीनच्या वर भिंतीला टाचलं, मापं समोर येतील असं. पहिलं पान खणात गेलं, पाकिटांच्या गर्दीत. आणि खण बंद करताना तिनं मनाशी ठरवलं, की एक तारखेला आपण शून्याच्या वर असायचं. एक दिवस का होईना, ताठ उभं राहून बघायचं.

असं ठरवल्यावर तिला लगेच मखमल आठवली, कारण चोराच्या मनात चांदणं. उण्याची सुरुवातच मखमलीपासून झाली होती. एकोणीस वर्षांपूर्वी ती कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीसाठी अस्तर आणायला कापडबाजारात गेली होती. मुलगी तेव्हा तीन वर्षांची, कडेवर, गुळगुळीत गाल खांद्यावर टेकून झोपलेली. दुकानदारानं दुसऱ्याच गिऱ्हाइकासाठी एक गठ्ठा सोडला आणि फळीवर लोटला. गर्द जांभळी मखमल, ताज्या वांग्याच्या सालीसारखी, आणि उजेड पडला तिथे आत कुठेतरी तांबूस. तिनं हात ठेवला. लव एका बाजूला झुकली, रंग उजळला, उलटा हात फिरवला, रंग काळोखात गेला. तिला एकदम वाटलं, ही आपल्या खिडकीला. घरातली मोठी खिडकी तोवर उघडीच होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, पडदेवालीच्या घराला पडदा नव्हता, आणि संध्याकाळी ऊन सरळ डोळ्यांत यायचं. अकरा मीटर, असं ती म्हणाली ते तिलाच ऐकू आलं. तेव्हा खात्यात तेवढे नव्हते. त्याच दुपारी बँकेत जाऊन तिनं मुभेचा अर्ज भरला, आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "गिऱ्हाइकाचं आहे." गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावायचा नाही हा घरातला नियम. मखमल कपाटाच्या वरच्या फळीवर गेली, जुन्या चादरीत गुंडाळून. अंथरूण सोडून पसरलेले ते पाय होते, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तिनं ते शिवलेच नाहीत. सुरुवातीला नवरा कधीमधी विचारायचा, "त्या बाई आल्या नाहीत का गं कापड न्यायला?" ती म्हणायची, "येतील." पुढे तो वर्षातून एकदा विचारायला लागला.

इस्पितळाच्या कामानं घर भरून गेलं. फिक्या निळ्या कापडाचे तागे टेबलावर, खुर्चीवर, पलंगाच्या पायथ्याशी. पहाटे उठून कापायला बसायची, आणि तिला नवल वाटायचं की आपण गुणगुणतोय. चाळीसचा काटा डोक्यात टिकटिकत होता, पण पाय मशीनच्या पायडलवर पडले की त्या टिकटिकीला ताल यायचा. तिनं बेचाळीस पडद्यांच्या मागे बेचाळीस माणसं कल्पली. कुणी घोरणारा, कुणी चिडका, कुणी एकटाच हसणारा म्हातारा. प्रत्येकाला थोडा आडोसा हवा, तो आपण शिवतोय, हे तिला आवडलं. संध्याकाळी नवरा बस डेपोत लावून यायचा, हात धुवायचा आणि विचारल्याशिवाय कापडाचं दुसरं टोक धरायचा. एवढे लांब पडदे घडी करायला दोन माणसं लागतात. दोघं खोलीच्या दोन टोकांना उभे राहायचे, एकमेकांकडे चालत यायचे, टोकं जुळवायचे, पुन्हा मागे जायचे. "नाच शिकवतेस की काय या वयात?" तो म्हणाला. "पायावर पाय देऊ नका म्हणजे झालं," ती म्हणाली. त्याच्या सायकलच्या सुट्या भागांचा तिला तेव्हा रागही आला नाही.

महिनाभर ती पैशाच्या मशीनकडे फिरकली नाही. भीती होती आणि वर मजाही होती, न उघडलेल्या भेटीसारखी. इस्पितळानं पहिला हप्ता वीस हजार भरला, कापडवाल्याचे गेले, दोऱ्याचे, कड्यांचे गेले, आणि पाचव्या आठवड्यात तिनं धीर करून चिठ्ठी काढली. तीन हजार शंभर. वजा दहा. म्हणजे सहा हजार नऊशे खाली. ती रस्त्यातच थांबली. वीस हजार आले आणि उणं कमी झालं ते जेमतेम दोन हजारांनी? तिनं तो कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही लिहिलेलं असेल. आकड्यापलीकडे चिठ्ठीवरचं काही तिनं कधी वाचलं नव्हतं, अक्षरं मुंगीएवढी आणि शाई फिकी. गेले असतील, ती म्हणाली. पैशाला पाय असतातच. घरी येऊन तिनं नवऱ्याला जरा तिखटपणे विचारलं, "नवीन चाक घेतलंत?" तो म्हणाला, "जुनंच आहे, पुसलंय." चाक खरंच चकाकत होतं.

दूर राहणारी मुलगी दर रविवारी फोन करायची. ती दातांच्या डॉक्टरकडे नव्यानं कामाला लागली होती, आणि समोरच्याचा जबडा उघडा असल्यासारखं बोलायची, हळू आणि समजुतीनं. "आई, बँकेचं पत्र नीट वाचलंस ना?"

"वाचलं की."

"सगळं?"

"तुझी आई निरक्षर नाही."

"तसं नाही गं. मी पाठवते ना थोडे."

"तू आधी तुझं अंथरूण घे," ती म्हणाली, आणि स्वतःच्या तोंडून आईचा आवाज आलेला ऐकून दचकली. फोन ठेवल्यावर ती मशीनसमोर बसली. समोर भिंतीवर मापांचं पान होतं. वॉर्ड दुसरा, खाट नववी, लांबी एकशे पंच्याऐंशी. तिनं मान डोलावली आणि सुई खाली सोडली.

बेचाळिसावा पडदा एकोणतीस तारखेला लागला. ती स्वतः शिडीवर चढून लावायला गेली होती. कड्या दांडीवरून सरकल्या, निळं कापड खाटेभोवती फिरून आलं, आणि आतून एक म्हातारा म्हणाला, "अहो बाई, फार छान वाटतं हो आत." तेवढ्यावर तिचा दिवस गेला. दुसरा हप्ताही खात्यात पडला होता. परतताना तिनं चिठ्ठी काढली. आठ हजार सहाशे. वजा दहा. चौदाशे खाली. फक्त चौदाशे. दोन महिने कंबर मोडून शिवलं आणि घोडं चौदाशेवर येऊन अडलं. आणखी दोन दिवसांनी एक तारीख. पगार यायला आठवडा. सात दिवसांचे दोनशे ऐंशी, तेवढे काही जड नव्हते, हे तिला कळत होतं. नवऱ्याला म्हटलं असतं तर त्यानं एखादं चाक विकलं असतं. पण तिला ते नको होतं. तिला एक तारखेला, निदान त्या सकाळी, वर असायचं होतं, आणि आता ती इतकी जवळ होती की शून्याचा वास यायला लागला होता. मग तिच्या मनात आलं, की याचं मूळ कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. मूळच काढावं. बँकेच्या शेजारी फोटोवाला होता, त्यानं मागे एकदा फोटोच्या मागचा पडदा शिवायला टाकताना कपाटात चादरीबाहेर आलेली ती मखमल बघितली होती आणि हावरेपणानं म्हणाला होता, "ताई, हे विकाल तेव्हा मला सांगा. अडीच हजार देतो." तेव्हा ती हसली होती.

शेवटच्या तारखेला सकाळी, नवरा बसवर गेल्यावर, तिनं मखमल खाली काढली. चादर सोडली. घड्यांच्या रेषा पडल्या होत्या पण रंग जसाच्या तसा. तिनं गाल टेकवला. एकोणीस वर्षांपूर्वीचा, कडेवर झोपलेल्या पोरीच्या श्वासाचा गरमपणा मानेवर आल्यासारखं वाटलं, आणि डोळे भरून आले, तसे तिनं लगेच पुसले, कारण मखमलीवर पाण्याचा डाग जात नाही. मग पुन्हा गुंडाळून, काखेत मारून, ती निघाली. अकरा मीटर मखमल जड असते. वाटेत दोनदा थांबावं लागलं.

फोटोवाल्यानं गठ्ठा हातात घेतला आणि लवेवरून हात फिरवला. त्यानं अडीच हजार मोजून दिले, वर पाणी विचारलं. तिनं पाणी घेतलं नाही. मागे वळून न बघता ती शेजारच्या दारातून बँकेत शिरली. रांगेत तिघं होती. तिला अंगावर पुरेसे कपडे नसल्यासारखं वाटत होतं.

काउंटरवर सर्दी झालेला एक तरुण होता, रुमाल नाकाशी धरून. "बोला काकू."

"चौदाशे भरायचेत. शून्यावर यायचंय."

त्यानं खात्याचा नंबर घेतला, पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "शून्यावर का?"

"उद्यापासून चाळीस कापणार ना तुम्ही दिवसाला."

"पण ते शून्याखाली असेल त्याला. तुम्ही वर आहात. आठ हजार सहाशे."

"ते दहा धरून," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. बिचारा नवीन असावा.

"दहा सोडून, काकू."

"चिठ्ठीवर मुभा धरून आकडा येतो. एकोणीस वर्षं बघतेय मी."

"यायचा. ते दोन महिन्यांपूर्वी बंद केलं. लोकांचा घोटाळा होतो म्हणून. आता चिठ्ठीवर नुसते तुमचे स्वतःचे येतात." तो शिंकला. "पत्रात लिहिलं होतं की. दुसऱ्या पानावर."

दुसरं पान. तिला भिंत दिसली. वॉर्ड पहिला, वॉर्ड दुसरा, खाट नववी. दोन महिने ते पान रोज नाकासमोर होतं आणि त्याची लिहिलेली बाजू भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनंच टाचलं होतं, चार टाचण्या लावून, वाऱ्यानं उलटू नये म्हणून. आणि दोन्ही वेळा चिठ्ठी हातात घेऊन, कुणी न सांगता, तिनं त्यातून दहा वजा केले होते. बाहुलीच्या कमरेचा पट्टा पुन्हा कापला होता जणू, या वेळी स्वतःच्याच टेपचा. म्हणजे तीन हजार शंभर, ते तेव्हाच वर होते. महिनाभर ती शून्याच्या वर होती आणि तिला पत्ता नव्हता. मोकळ्या मैदानात वाकून चालत होती. तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग ती काउंटरची कड धरून हसायलाच लागली, आणि रांगेतली मागची बाई काय झालं म्हणून पुढे सरकली. सर्दीवाला तरुणही रुमालाआड हसला. तिला आनंद झाला होता, सरळ आनंद, मापात न बसणारा. एवढा आनंद तिला मुलीला पहिला दात आला तेव्हा झाला होता.

"मग भरायचेत का चौदाशे?" त्यानं विचारलं.

चौदाशे म्हणताच तिला हातातल्या नोटा दिसल्या, आणि नोटा कशाच्या ते आठवलं. "नको," ती म्हणाली आणि पळाली. त्रेपन्नाव्या वर्षी, घसरत्या चपलांनी, बँकेच्या गुळगुळीत फरशीवरून पळाली.

फोटोवाल्यानं मखमल तोवर टांगलीसुद्धा होती. तिच्यापुढे स्टुलावर टाय लावलेले एक टकले गृहस्थ बसले होते, आणि मखमलीपुढे त्यांचं टक्कल राजासारखं झळकत होतं. ती दारातच धापा टाकत म्हणाली, "कापड परत द्या."

"ताई, व्यवहार झाला ना."

"झाला होता. हे घ्या पैसे."

"असं कसं? शब्दाला काही किंमत?"

"तुम्हाला याच रंगाचा पडदा शिवून देते. कापड माझं, शिलाई फुकट. पण ही माझी आहे." माझी हा शब्द तिनं त्या मखमलीबद्दल पहिल्यांदाच उच्चारला. एकोणीस वर्षं ती गिऱ्हाइकाची होती.

फोटोवाल्यानं टकल्या गृहस्थांकडे बघितलं. गृहस्थ म्हणाले, "द्या हो त्यांना. फक्त माझा फोटो आधी काढा, असा मी पुन्हा दिसणार नाही." सगळे हसले. फोटो निघाला. मग फोटोवाला म्हणाला, "एका अटीवर. तुम्हीही बसा." तिनं आढेवेढे घेतले, केस नीट नाहीत, साडी चुरगळलेली, पण तोवर ती स्टुलावर बसली होती. पाठीला मखमलीचा गारवा लागला. "खांदे वर घ्या ताई," तो म्हणाला, "वाकताय." तिनं खांदे वर घेतले. कुठेच डोकं आपटलं नाही.

घरी आली तेव्हा नवरा सकाळची फेरी संपवून चहा करत होता. तिनं गठ्ठा टेबलावर टाकला. त्यानं गठ्ठ्याकडे बघितलं आणि दुसरा कप काढला. "अहो, चहा राहू दे. माप घ्यायचंय, टेप धरा," ती म्हणाली. तो स्टुलावर चढला, टेपचं टोक दांडीला लावलं, ती खाली गुडघ्यांवर बसली, आकडा वाचला, दोनशे पन्नास, वर-खालच्या दुमडीचे वीस मिळवले, आणि खडू सरकवला. कात्री मखमलीत शिरली तेव्हा तिच्या दंडावर काटा आला. लव एकाच दिशेला ठेवून चार पट्टे कापले. अकरा मीटरांतून वीतभर कापड उरलं. मग दुपारभर मशीन. जाड कापडाचा आवाज वेगळा असतो, खालच्या पट्टीतला. त्या आवाजातच तिनं त्याला सगळं सांगितलं, पत्र, भिंतीवरचं पान, सर्दीवाला, टकले गृहस्थ. उण्याचंही सांगितलं, एकोणीस वर्षांचं. मखमल कुणाची, इथवर आल्यावर मात्र तिची जीभ अडखळली, आणि तिनं दोरा तोडायचं निमित्त केलं. तो टाके उसवायची कात्री घेऊन दोऱ्यांची टोकं कापत बसला होता. भिंतीवरचं पान त्यानं मधेच उठून काढलं, उलटं केलं आणि चष्मा वर करून मोठ्यानं वाचलं. बँकेनं सगळं स्पष्ट लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत, वर चौकटही केली होती.

संध्याकाळचं ऊन खिडकीत यायच्या आत पडदे लागले. दोघं मागे सरकले. जांभळा रंग छतापासून खाली आला, चुण्या मनासारख्या पडल्या, आणि खाली फरशीला टेकून थांबायच्या ऐवजी कापड तसंच पुढे आलं, जमिनीवर पसरलं, लोळलं. ती वाकून बघायला लागली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिनं मनातल्या मनात माप पुन्हा घेतलं, आणि तिला कळलं.

"लांब झालाय का गं?" त्यानं विचारलं.

"दहा वजा करायचे राहिले."

त्यानं लोळणारं टोक उचलून बघितलं. "त्या बाईंना चालेल का?"

"कोणत्या बाईंना?"

"ज्यांचं कापड आहे त्यांना. एकोणीस वर्षं वाट बघितली मी त्यांची. म्हटलं, कधी येतात एकदाच्या."

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो दोऱ्याची टोकं गोळा करत होता, मान खाली, ओठांच्या कडेला हसू दाबलेलं.  तिनं पडद्याची एक चुणी सरळ केली.

"चालेल," ती म्हणाली. "त्या काही म्हणणार नाहीत."

"मग दुमडायचं नाही?"

"नाही."

तो चहा परत गरम करायला आत गेला. ती खिडकीसमोर फरशीवर बसली. पडद्याच्या मागे ऊन आलं होतं आणि कडांवरून तांबूस उजेड झिरपत होता. तिनं चपला काढल्या, टेबलाच्या पायाला पाठ टेकली, आणि फरशीवर पसरलेल्या त्या दहा सेंटिमीटर मखमलीवर टाचा ठेवून पाय लांब केले, अगदी पूर्ण.